दोघींनी मोठ्याने मोजायचं

“आई, तू रोज खरंच ऑपरेशनलाच जातेस का?”

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पण पैज वकील आणि चिमटीची होती. वकील माझ्या पुढच्या बाकावर बसते आणि कुठल्याही गोष्टीचा पुरावा मागते. चिमटी उंचीने एवढीशी आहे, पण तिचं बोलणं कातडी धरून ओढल्यासारखं लागतं. साथीमुळे शाळा एक दिवसाआड, अर्धाच वर्ग आणि एका बाकावर एकच मुलगी. त्यामुळे मधल्या सुट्टीत आम्ही तिघी मैदानावर तीन टोकांना उभ्या राहून गुपितं ओरडून सांगतो.

“तुझी आई थिएटर सिस्टर ना?” चिमटी म्हणाली. “मग परवा सकाळी अकराला हॉस्पिटलच्या मागच्या पायरीवर एकटी बसून चहा कशी पीत होती? माझ्या मामांनी पाहिलं.”

चिमटीचे मामा हॉस्पिटलात ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवतात. ते उगाच कशाला खोटं बोलतील?

“चहा पिणं गुन्हा आहे का?” मी म्हटलं.

“अकराला थिएटरवाल्यांना घोटभर पाणीही प्यायला मिळत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं?” वकील म्हणाली. “तूच. निदान पन्नास वेळा.”

सांगितलं होतं, खरं आहे. आईच्या कामाच्या बढाया मी पोटभर मारल्या होत्या.

“विचार तिला,” चिमटी म्हणाली. “नाहीतर तुझं नाव काढून घेऊ.”

माझं नाव रेडिओ. हे नाव सहा महिन्यांचं आहे आणि मला ते फार आवडतं. आधी मला नावच नव्हतं. माझे दात पुढे आहेत, म्हणून मी वर्गात ओठ मिटून बसायचे, आणि ओठ मिटून बसणाऱ्या मुलीला कोण कशाला नाव ठेवेल? मग शाळा पुन्हा उघडली ती मास्क लावून. पहिल्या दिवशी बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी हात वर केला. माझा हात माझ्याआधीच वर गेला होता. मास्कच्या आत माझे दात माझ्यापाशी होते आणि आवाज सगळ्यांपाशी. तेव्हापासून मी थांबलेली नाही. तर असं नाव दोघींच्या हाती ठेवून कसं चालेल? मी त्याच संध्याकाळी विचारलं.

आई बटाटे सोलत होती. सुरी अर्ध्या बटाट्यावर थांबली.

“मग काय बागेत जाते?” ती म्हणाली, आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी बटाट्याकडे पाहिलं.

उत्तर चांगलं होतं. पण वकिलीणबाईंच्या संगतीत राहून मला एक कळलंय. ज्याला सरळ उत्तर द्यायचंय, तो आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही.

मग मी आईवर नजर ठेवायला लागले.

माझ्या आईचं काम काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठे सर पोट उघडतात, पण ते शिवायचं कधी ते आई ठरवते. ऑपरेशनला किती चिमटे, किती कात्र्या, रक्त टिपायचे किती रुमाल टेबलावर घेतले, ते सुरुवातीला मोजायचं. शिवण्याआधी पुन्हा मोजायचं. एक रुमाल कमी भरला तर सर कितीही मोठे असोत, त्यांनी हात वर धरून उभं राहायचं. आणि हे मोजणं एकटीने करायचं नसतं. आई टेबलापाशी आणि तिच्यासमोर मावशी. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण नाही, पण पंधरा वर्षं समोरासमोर उभं राहून मोजल्यावर सख्खं आणि चुलत असं काही उरत नाही. दोघींनी एकेक वस्तू बघत, मोठ्याने, एकत्र मोजायचं. एकीने मोजलं आणि दुसरीने मान डोलावली, असं चालत नाही. आई म्हणते, “तिथे माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचा नसतो. म्हणून तर पेशंट आमच्यावर विश्वास ठेवतो.”

ही सवय घरीही आली. रात्रीची भांडी लावताना आई चमचे मोजते. बारा. रोज बाराच असतात. चमचे काय पळून जाणार आहेत? पण ती मोजते, आणि बाबा लांबून “बारा” म्हणतात, तेव्हाच खण बंद होतो. बाबा शाळेची बस चालवतात. बस बंद पडल्यापासून ते घर चालवतात, आणि खरं सांगायचं तर बसपेक्षा बरं चालवतात.

तर पुरावा पहिला: आई चमचे मोजत नव्हती. किती दिवसांपासून, ते मला नीट सांगता येईना. खण नुसता बंद व्हायचा.

पुरावा दुसरा, नाक. थिएटरचा मास्क इतका घट्ट असतो की आईच्या नाकावर लाल पट्टा उमटतो. मग तो काळसर होतो आणि सुट्टीच्या दिवशीही जात नाही. बाबा तिला चिडवायचे, की चष्मा काढलास तरी तू चष्मेवालीच. मी चहा देताना जवळून पाहिलं. पट्टा पुसट झाला होता.

पुरावा तिसरा, हात. ऑपरेशनच्या आधी ती कोपरापर्यंत ब्रशने हात घासते. त्यामुळे कोपरापर्यंत तिची कातडी फुटलेली असते, मलमाची डबी महिन्याला एक लागते. आता डबी तशीच भरलेली आणि हात मऊ. उलट तिच्या बाह्यांवर पांढरे धागे चिकटलेले. कापडाचे, बारीक, पिंजल्यासारखे.

हे सगळं मी दोघींना फोनवर सांगितलं.

“काढून टाकलंय तिला,” चिमटी म्हणाली.

“काढलं तर धागे कुठून येतील?” वकील म्हणाली. “एक तर ती दुसरीकडे काम करतेय, नाहीतर दुसरं काहीतरी आहे.”

“दुसरं काय?”

“मी काही म्हटलेलं नाही,” वकील म्हणाली. म्हणजे ती सगळं काही म्हणाली.

त्या दिवसांत सगळेच सगळ्यांकडे असं बघायचे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू आई लिफ्टपाशी दिसली की गुडघे दुखत असतानाही जिन्याने जायच्या, आणि वर जाता जाता म्हणायच्या, “व्यायाम होतो हो.” दुकानात कुणी खाकरलं की रांग दोन पावलं मागे सरायची, आणि खाकरणारा आपणहून सांगायचा, ठसका लागला, नुसता ठसका. मी घरातल्या घरात तेच करत होते. आई फोनवर बोलायला गॅलरीत गेली की मी कुंड्यांना पाणी घालायला जायचे. कुंड्या दोन होत्या आणि दोन्हींत पाण्याचं तळं झालं होतं.

मग एका सकाळी आई चष्मा विसरून गेली. तो द्यायला बाबा निघाले होते, हातात गाडीची किल्ली होती. मी म्हटलं, “मी देऊन येते. माझी आज शाळा नाही.”

“आत जायचं नाही,” बाबा म्हणाले. “मागच्या दरवाज्यावर रखवालदाराकडे द्यायचा आणि फिरायचं.”

“हो.”

“दुसरं काही नाही.”

“दुसरं काय असणार?” मी म्हटलं. बाबा जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मागच्या दरवाज्यावरच्या रखवालदाराने माझ्या कपाळासमोर ते ताप मोजायचं यंत्र धरलं, आकडा पाहिला, पटला नसावा, पुन्हा धरला. मी म्हटलं, थिएटरच्या सिस्टरचा चष्मा आहे. त्याने फोन उचलून आईचं नाव सांगितलं, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाला, “थिएटरला नाहीत त्या. कपड्यांच्या खोलीत असतात. डावीकडून फिरून जा, खिडकीतून दे.”

असतात. आज आहेत असं नाही, असतात.

डावीकडे भिंतीला लागून वाफेचे पाइप होते आणि पुढे जाळीची खिडकी. आत कपाटंच कपाटं, छतापर्यंत. हिरव्या चादरी, हिरवे गाऊन. मधोमध लांब टेबल आणि त्याच्या एका टोकाला माझी आई, साधा मास्क लावून, चादरींच्या घड्या घालत होती. ओठ हलत नव्हते. आई काहीतरी हाताळते आहे आणि मोजत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा उजेडात पाहिलं.

मी हाक मारणार, तेवढ्यात दारात एक तरुण सिस्टर आली, ढकलगाडी घेऊन. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“गठ्ठा टेबलाच्या या टोकाला ठेवा,” ती आईला म्हणाली. “आणि मागे व्हा. मी घेते.”

आईने गठ्ठा ठेवला आणि भिंतीला जाऊन टेकली. थिएटरात आई या मुलीला दोन बोटांच्या इशाऱ्यावर पळवत असणार. मुलीने गठ्ठा उचलला, हाताला जंतुनाशक चोळलं, गाडीच्या दांड्याला चोळलं आणि निघून गेली. आई पुन्हा टेबलापाशी आली. जणू काही झालंच नाही, इतकी सरावल्यासारखी.

मी चष्मा खिशात तसाच ठेवला आणि वळले, तर मागच्या पायरीवर मावशी. टोपी, मास्क, वर डोळे. पण मावशीचे डोळे मी कुठेही ओळखते.

“तू इथे कशी?” ती म्हणाली.

“चष्मा.”

“मग दे आणि जा.”

“मावशी, आई कपड्यांच्या खोलीत का आहे?”

ती पायरीच्या एका टोकाला बसली आणि मला दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. आमच्या मध्ये एक माणूस आडवा झोपला असता. तिने खिशातून स्वतःचा पेला काढला, त्यावर पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. आता सगळ्यांच्या पेल्यावर नावं असतात म्हणे. चहाच्या खोलीत खुर्च्या भिंतीकडे तोंड करून लावल्यात, आणि भिंतीकडे बघत चहा प्यायचा. कुणी शिंकलं तर माना वळतात, आणि कुणी वळली नाही असं दाखवलं तरी ती वळलेली असते.

“तुला भूलकाका माहीत आहेत ना?” मावशी म्हणाली.

माहीत नसायला काय झालं. ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर. मी लहानपणी आईला न्यायला आले की ते डोळे मिटून मला म्हणायचे, दहापासून उलटं मोज, आणि मी एकापर्यंत आले की तेच घोरल्याचं नाटक करायचे.

“ते वर आहेत, ऑक्सिजनवर. गुरुवारी ताप आला, त्याला आज अठरा दिवस झाले. आज दोन लिटरवर आलेत, म्हणजे बरं आहे, पण मधले सहा दिवस बरं नव्हतं.” तिने पेला पायरीवर ठेवला. “थिएटरात आमच्यातल्याच कुणीतरी दिलं त्यांना. पेशंट तर तपासूनच येतो. मग आमची सगळ्यांची तपासणी झाली. सगळ्यांना काही नाही असं आलं, पण तपासणीवर आता कुणाचा विश्वास राहिलाय? सर माझ्याकडे संशयाने बघायचे, मी थिएटरातल्या वॉर्डबॉय मामांकडे. मामा सरांकडे बघायला घाबरायचे, म्हणून तुझ्या आईकडे बघायचे. आणि मग एक दिवस तुझी आईच मेट्रनबाईंकडे जाऊन म्हणाली, माझ्याकडून झालं.”

“काय झालं?”

“दारात वही आहे. कपडे बदलायच्या आधी रोज सही करायची. ताप आहे का, खोकला आहे का, वास येत नाही असं आहे का, तुम्हाला किंवा घरात कुणाला. समोर हो किंवा नाही. ती म्हणाली, मला चार दिवस वास येत नव्हता आणि मी नाही असं लिहीत राहिले.” मावशीचा आवाज एकदम रुक्ष झाला. “चार दिवस. मी समोर उभी होते. पंधरा वर्षं ती एक चिमटा माझ्या भरवशावर मोजत नाही, आणि हे माझ्यापासून लपवलं. शुक्रवारी बैठक आहे. तिला थिएटरात परत घ्यायचं की कायमचं तिकडेच ठेवायचं. मला विचारतील. मी काय सांगू?”

रेडिओ बंद.

आता मला ते सांगायला हवं, जे मी वकिलाला सांगितलं नाही, चिमटीला नाही, आणि कुंड्यांना पाणी घालताना स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वादविवादाचं भाषण पाठ करत होते. शाळेची अंतिम फेरी बुधवारी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बोलायला निवडलं होतं. शेगडीवर दूध होतं. ते उतू गेलं, आटलं, करपलं, पातेल्याचं बूड काळं झालं, धूर निघाला, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून हातवारे करत होते. आई झोपायच्या खोलीतून धावत आली. “अगं, नाक आहे की नाही तुला?” ती म्हणाली. मी म्हटलं, “अभ्यासात गुंग होते.” सगळे हसले. बाबा तीन दिवस ते पातेलं घासत होते.

मी गुंग नव्हते. मला वास येत नव्हता. शनिवारी सकाळी साबणाला वास नव्हता, दुपारी संत्र्याला नव्हता. मी बाबांच्या आफ्टरशेव्हची बाटली उघडून नाकाला लावली, डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. मला कळलं होतं. बातम्या काय मी ऐकत नव्हते? पण सांगितलं असतं तर घर चौदा दिवस बंद, शाळा बंद, बुधवार गेला. म्हणून मी म्हटलं, सर्दी असेल. सर्दी नव्हती. मंगळवारी रात्री हळूहळू साबण परत आला, आणि बुधवारी मी मास्क लावून पाचशे जणांसमोर, म्हणजे अडीचशे जणांसमोर, कारण अर्धीच शाळा, शाळेला गणवेश असावा की नसावा यावर सात मिनिटं बोलले. दुसरा नंबर आला. त्याचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर काचेखाली आहे.

भूलकाकांना ताप आला तो गुरुवारी.

“काय गं, गप्प का?” मावशी म्हणाली.

“मावशी, भूलकाकांना ताप यायच्या आधीच्या सोमवारी आई कामावर आली होती?”

“आली ना. त्या आठवड्यात दोघीजणी रजेवर होत्या. ती आली नसती तर आतड्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं असतं आणि तो पेशंट पुढे ढकलण्यासारखा नव्हता.” ती थांबली. तिचे डोळे बारीक झाले. कमी भरलेला रुमाल शोधताना ती अशीच बघत असणार. “तू का विचारतेस?”

“असंच.”

असंच म्हणणाऱ्या माणसावर मीही विश्वास ठेवला नसता. मी चष्मा मावशीच्या आणि माझ्या मधल्या जागेत ठेवला आणि निघाले. फाटकापर्यंत मला पाठीवर तिची नजर कळत होती.

घरी जाताना मी डोक्यात सगळं पुन्हा मांडलं. आईला वास येत नव्हता, हे खोटं. त्या रविवारी दूध करपल्याचा वास तिला दोन दारं ओलांडून आला होता, म्हणून तर ती धावत आली. म्हणजे तिने माझं दुखणं आपल्या नावावर लिहून दिलं. पण मग तिला ते कळलं कधी? भूलकाकांना ताप आल्यावर, की त्याच रविवारी? हा प्रश्न मला चिमटीने घातला नव्हता, आणि पैजेपेक्षा हा जड होता. कारण ती थिएटर सिस्टर आहे. दिवसभर हरवलेली वस्तू शोधणं हे तिचं काम. धुरात उभ्या असलेल्या मुलीकडे बघून तिला काहीच वाटलं नसेल?

फोन वाजत होता. वकील. “काय झालं? पुरावा मिळाला?” मी लिहिलं, मिळाला. “मग सांग.” मी लिहिलं, थांब. त्या दोघी बुधवारी माझ्या भाषणानंतर मला मिठी मारायला धावल्या होत्या, आणि बाई ओरडल्या होत्या, लांब राहा. तेव्हा आम्हाला बाईंचा राग आला होता.

संध्याकाळी आई आली. दारातच कपडे बादलीत, मग आंघोळ, मग चहा, रोजच्यासारखं. चष्मा तिच्या नाकावर होता.

“तू आली होतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“मावशीने दिला चष्मा. बोलली नाही काही. तीन शब्द बोलली. तुझी मुलगी आलेली.” आईने पेला दोन्ही हातांत धरला. “काय काय सांगितलं तिने तुला?”

“सगळं. जे तिला माहीत आहे ते.”

बाबांनी टीव्ही बंद केला. मग बाबा स्वयंपाकघरात जायला उठले, आणि मी म्हटलं, “बाबा, थांबा. तुम्हीही.”

“मी काय केलंय?” बाबा म्हणाले, पण बसले.

“आई, तुला वास येत होता.”

“कधी?”

“तू आधी बाबांकडे बघू नकोस.”

तिने बघितलं नाही. पेल्याकडे बघितलं. वरच्या काकू जिन्याने उतरत होत्या त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

“त्या रविवारी पातेलं सिंकमध्ये टाकलं,” आई म्हणाली, “आणि मी तुला विचारणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस.”

“नसतं सांगितलं,” मी म्हटलं.

“सांगितलं असतंस. मी विचारलं की तुला खोटं जमत नाही, कान लाल होतात. आणि मग मला वहीत हो लिहावं लागलं असतं. सोमवारी कोण उभं राहणार होतं? मी म्हटलं, अभ्यासात गुंग होती. पोर सात दिवस तेच भाषण बडबडतेय. सोमवारी सकाळी वहीपाशी उभी राहिले आणि नाही असं लिहिलं. मंगळवारी पण. त्या वहीपाशी समोर कुणी नसतं. एकटीने मोजायचं असतं.”

“मग मेट्रनबाईंना तुझं नाव का सांगितलंस?”

“तुझं सांगू? शाळेत, इमारतीत, सगळीकडे? डॉक्टरांना ऑक्सिजनवर घातलं ती मुलगी?” तिचा आवाज फाटला, आणि तिने तो लगेच घडी घालून ठेवला. “आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीस.”

“पातेलं मी घासलं,” बाबा मध्येच म्हणाले. “मलाही कळायला हवं होतं. मी पातेल्याला शिव्या देत बसलो.” मग ते आईकडे वळले. “शुक्रवारी जे व्हायचं ते होऊ दे. कपड्यांची खोली वाईट नाही. कुणी मरत नाही तिथे.”

“कुणी जगतही नाही,” आई म्हणाली.

मी उठले. खोलीत जाऊन काच उचलली आणि प्रमाणपत्र काढलं. फाडायचा विचार होता, पण जाड कागद होता आणि फाडल्याने काय होणार होतं? ते मी टेबलावर आईच्या चहाशेजारी ठेवलं. माझे कान लाल झाले होते, मला आतून कळत होतं. आणि घरात मास्क नसतो, त्यामुळे दातही सगळे बाहेर होते.

“शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार,” मी म्हटलं. “चार दिवस. मला वास येत नव्हता, मला माहीत होतं, आणि मी यासाठी सांगितलं नाही. भूलकाकांना ते माझ्याकडून गेलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण तू वहीत जे खोटं लिहिलंस ते एक, आणि मेट्रनबाईंना जे खोटं सांगितलंस ते दुसरं. दुसरं माझ्यामुळे आहे, ते मी घेऊन जाणार आहे.”

“कुठे घेऊन जाणार?” बाबा म्हणाले.

“बस,” आई म्हणाली. “खाली बस आधी.”

मी बसले नाही. वकील आणि चिमटीला मी त्या चार दिवसांचा खरा निरोप लिहून ठेवला होता, पाठवायचा बाकी होता. तो पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

“उद्या साडेसातला मी तुझ्याबरोबर येणार, आई. तू नको म्हणालीस तर मागून चालत येणार, मला मागचा दरवाजा माहीत आहे. मेट्रनबाईंना सांगणार, मावशीला सांगणार, आणि भूलकाकांना खिडकीतून भेटू देत असतील तर त्यांनाही. माझं मी सांगणार. दुधाचं तुझं तू सांगायचं. पण दोघींनी समोरासमोर उभं राहून, मोठ्याने.”